हातोडा पडेपर्यंत

"कॉलर कुठे गेली?"

विल्फ टँडी असा कधी ओरडत नसे. पार्जिटरसाहेब लिलावघराच्या दुसऱ्या टोकाला स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होते. ते दचकून खालीच उतरले.

"कुणाची कॉलर?"

"दिव्याची, साहेब. आमच्या दिव्याची. काल लोक माल बघायला आले तेव्हा जागेवर होती. आता नुसती काच बाजूला काढून ठेवलीय कुणीतरी."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि टेबलाशी येऊन वाकून पाहिलं. दिवा तीन पायांचा होता, हातोडीने ठोकून घडवलेल्या तांब्याचा. एक देठ सरळ वर जाऊन पुढे वाकलेला, आणि त्या देठाला उलटं लटकणारं दुधट हिरव्या काचेचं फूल. काच आणि देठ यांना जोडणारी एक तांब्याची पाकळीदार कॉलर होती, अंगठ्याएवढ्या उंचीची. ती नव्हती. त्यामुळे देठ मोकळाच वाकून उभा होता आणि फूल शेजारी वर्तमानपत्रावर आडवं पडलं होतं.

"माझं ऐक," साहेब म्हणाले, "आजच्या लिलावातून काढून घे. पुढच्या महिन्यात घालू. तोवर सापडेल."

"गॅफ्नी गवंडी सोमवारी न्हाणीच्या विटा टाकतोय, साहेब."

"मग किमान भाव तरी लाव. त्याच्या खाली बोली राहिली तर विकायचा नाही. तुला मी हे आधीच सांगितलं होतं."

विल्फ हसला. "आपल्याच माणसांसमोर? काय म्हणतील ते? विल्फला आमचा भरवसा नाही?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते आपल्या उंच मेजाकडे निघून गेले. साहेब वाईट नव्हते. पण लिलाव पुकारणाऱ्याला वरून सगळं दिसतं आणि रोजच्या रोज दिसतं, त्यामुळे त्याची तोंड मिटायची सवय पक्की होत जाते.

आमच्या टेनफर्डला दर गुरुवारी लिलाव असतो, गुरांच्या बाजाराच्या मागे, पत्र्याच्या लांबड्या शेडमध्ये. विल्फ तिथला हमाल. तीस वर्षं झाली. मेलेल्या माणसांच्या घरातून सामान आणायचं, मांडायचं, पुसायचं, लिलावाच्या वेळी एकेक वस्तू उचलून धरायची, आणि विकल्यावर घेणाऱ्याच्या गाडीत नेऊन ठेवायची. हिरवा एप्रन, कानाच्या मागे खडू. वस्तू उचलून धरली की "हा इथे!" एवढंच म्हणायचं आणि मग हातोडा पडेपर्यंत गप्प उभं राहायचं. त्याला हे काम शिकवणारा म्हातारा सांगायचा, की पोरा, तू म्हणजे टेबल, आणि टेबल बोलत नाही. चांगली बोली आली म्हणून हसायचं नाही, वाईट आली म्हणून कपाळाला आठी घालायची नाही. विल्फने हे इतकं मनावर घेतलं होतं की एकदा हातात मधमाश्या शिरलेली बरणी असतानाही तो हलला नव्हता. गावात ही गोष्ट अजून सांगतात.

दिवा मेव्हिसचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. तिच्या आजोबांनी, एमॉस यांनी, तो स्वतःच्या हाताने घडवला होता. त्या काळी लंडनहून काही शिकलेली तरुण माणसं वरच्या गावात येऊन राहिली होती. यंत्राने केलेल्या वस्तूंना जीव नसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी जुन्या धान्याच्या कोठारात कारखाना काढला आणि गावातली पोरं हाताशी धरून दिवसभर तांबं ठोकत बसले. आमच्या गावाने त्यांना मनसोक्त हसून घेतलं. कारखाना बुडाला, माणसं परत गेली, दिवे इथेच राहिले, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यात. आता त्याच दिव्यांसाठी लंडनचे लोक मोटारी घेऊन येतात आणि अमेरिकेला पाठवतात. मेव्हिसच्या घरात मात्र तो कायम खिडकीत होता. तांब्यावर चढलेला काळसर तपकिरी रंग तिने कधी घासून काढला नाही. हंसाच्या पिसाने धूळ झटकायची, बास.

वसंतात मेव्हिसला झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय थोडा परत आला, हात नाही. तेव्हापासून ती टेकडीवरच्या आजारी माणसांच्या घरात होती. विल्फचं घर म्हणजे चिंचोळं, वर एक खोली, खाली एक, आणि न्हाणी वर, जिना शिडीसारखा उभा. डॉक्टर म्हणाले होते, खाली न्हाणी बांधा आणि खुशाल घरी न्या. काउन्सिलवाले म्हणाले होते, बघू. ते बघतच होते. बँकेतल्या माणसाने त्याचं वय विचारलं आणि चहा पाजला. मग मेव्हिसनेच सांगितलं, दिवा विक.

"तुझ्या आजोबांचा?" विल्फ म्हणाला होता.

"आजोबा गेले. मी आहे अजून. मला माझ्या घरात मरायचंय, विल्फ, आणि त्याआधी तिथे भरपूर जगायचंय."

काल दुपारी तो तिला भेटायला गेला तेव्हा ती उजव्या हाताने काठी धरून खिडकीपर्यंत चालून दाखवत होती. घामाघूम झाली होती, पण थांबेना.

"भाव बांधून घेतलास?" तिने विचारलं.

"गरज नाही."

"त्या व्यापाऱ्यांसमोर जांभई देऊ नये. बोळकं उरेल, दात विकून टाकतील."

"क्लेम आहे ना."

"हो, क्लेम आहे." ती खुर्चीत टेकली. "क्लेम आहे ते बरं आहे. आपल्या लग्नात माझ्या आईपेक्षा तोच जास्त रडला होता."

क्लेम हार्टल म्हणजे विल्फच्या लग्नात त्याच्या शेजारी अंगठी घेऊन उभा राहिलेला मित्र. दोघं एका बाकावर शिकले. क्लेम जुन्या सामानाच्या धंद्यात शिरला आणि वर गेला. नदीकाठी दुकान, गळ्यात बारा महिने लाल मफलर. पण नाताळच्या दुपारी तो जेवायला विल्फकडेच असायचा. बायको सोडून गेल्यावर मेव्हिसनेच त्याचे शर्ट वर्षभर इस्त्री करून दिले होते.

दारं उघडली आणि लोक आत आले. क्लेम मफलर सोडत थेट विल्फकडे आला.

"तोंड का पाडलंयस? कोण मेलं?"

"कॉलर गेली रे. दिव्याची."

"आयला!" क्लेमने देठ पाहिला, काच उचलून उजेडाकडे धरली, परत ठेवली. "पोरांनी खेळता खेळता नेली असेल. जाऊ दे. आपल्याला काय, दिवा ओळखता येत नाही? कॉलर काय, कुणीही करून देईल."

"भाव पडेल का?"

"मी इथे आहे ना?" त्याने विल्फच्या पाठीवर थाप मारली. "मेव्हिसला सांग, न्हाणीला गुलाबी फरशा घाल म्हणावं."

विल्फच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो पुढच्या कामाला लागला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. रिंग म्हणजे काय हे आमच्या टेनफर्डमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीही मोठ्याने बोलत नाही. व्यापारी आधीच ठरवतात की अमुक वस्तूवर एकानेच बोली लावायची, बाकीच्यांनी हात खिशात ठेवायचे. वस्तू मातीमोल जाते. मग दुपारी सगळे समोरच्या फ्लीस पबच्या मागच्या खोलीत जमतात, पडदा ओढतात आणि त्याच वस्तूचा आपसात खरा लिलाव करतात. वरचे पैसे वाटून घेतात. ज्याच्या घरची वस्तू, ती विधवा बिचारी तोपर्यंत बस पकडून घरी गेलेली असते. कायद्याने हा गुन्हा आहे. आमचा हवालदारही फ्लीसमध्येच पितो.

विल्फला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? त्याच्याच हातातल्या वस्तू होत्या त्या. पण लिलाव संपल्यावर हीच माणसं त्याला बोलावून मांस भरलेली पेस्ट्री आणि लोणच्याचा कांदा खायला घालत, त्याच्या पाठदुखीची चौकशी करत, मेव्हिसला झटका आला तेव्हा त्यांनीच फुलं पाठवली होती. तीस वर्षं त्यांच्यात उठून बसून त्याला असं वाटायला लागलं होतं, की जे काही होतं ते इतरांच्या बाबतीत होतं. आपण घरचे. माणूस घरच्यांपुढे भाव बांधून घेत नाही. एवढीच त्याची चूक, आणि ती लिलावघरातला जुना माणूसच करू शकतो. बाहेरचा कुणी इतका भोळा नसता.

जेवणाच्या सुट्टीआधी दिव्याची पाळी आली.

"तांब्याचा टेबलावरचा दिवा," साहेब वरून म्हणाले. "वरच्या गावातल्या कारखान्याचा. काच मूळची. कॉलर नाही. विल्फ, दाखव."

एरवी विल्फने तो एका हाताने उचलला असता. पण कॉलर नसल्याने काच लटकवता येत नव्हती. त्याने उजव्या हाताने तांब्याचा देठ धरला, डाव्या पंजावर काचेचं फूल घेतलं, आणि दोन्ही हात डोक्यापर्यंत वर केले.

"हा इथे!"

खिडकीतून ऊन येत होतं. काच हिरवट पिवळी पेटल्यासारखी दिसली आणि मागच्या रांगेतल्या दोन बायका "अगंबाई" म्हणाल्या. विल्फला मनातून फार बरं वाटलं. अजून थोड्या वेळाने टेकडीवर जाऊन मेव्हिसला हे सांगायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

साहेबांनी एक आकडा म्हटला. चांगला, योग्य आकडा. कुणी हललं नाही. असं होतंच, पहिल्या आकड्याला कुणी हलत नाही. साहेबांनी निम्मा केला.

क्लेम हातातलं पत्रक वाचत होता.

साहेबांनी त्याचाही निम्मा केला. विल्फने भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ओळखीच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. चिनी मातीची भांडी घेणाऱ्या स्टोक्सबाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. विझलेला पाइप चावणारा बार्टलेट छताकडे बघत होता. बाकीच्यांचे हात खिशात होते. विल्फने हे दृश्य इतक्यांदा पाहिलं होतं की त्याला क्षणभर कळलंच नाही की आज ते वेगळं आहे. मग लक्षात आलं, आजची वस्तू त्याच्याच घरची आहे.

काल एक तरुण जोडपं बर्मिंगहॅमहून आलं होतं, दिव्याभोवती कितीतरी वेळ घुटमळत होतं. विल्फने त्यांना शोधलं. ती दोघं तिसऱ्या रांगेत होती. मुलीने त्याच्याकडे पाहून हळूच मान हलवली, नाही म्हणून.

"चला, कुणीतरी सुरुवात करा," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज जरा चिरकला. "काय देता बोला."

बार्टलेटने पाइप उचलला. बऱ्यापैकी किटली येईल एवढ्या पैशांची बोली होती.

विल्फचे दोन्ही हात वर होते. एक जरी मोकळा असता तर तो वर केला असता का, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. खांदे भरून आले होते. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता. त्याने क्लेमकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. क्लेमने पत्रकाचं पान उलटलं.

"यापेक्षा जास्त कुणी?" साहेबांनी विचारलं. सगळीकडे पाहून झालं. शेवटी त्यांनी विल्फकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले. हातोडा वरच होता. एवढा वेळ साहेबांनी कधी कुणाला दिला नव्हता.

टेबल बोलत नाही. विल्फ बोलला नाही.

हातोडा पडला.

जेवणाच्या सुट्टीत ती बर्मिंगहॅमची मुलगी त्याच्याजवळ आली. हातात कागदात गुंडाळलेलं सँडविच होतं.

"तो दिवा किती सुंदर होता ना? आम्ही घेणारच होतो हो. पण काल त्या लाल मफलरवाल्या काकांनी वाचवलं आम्हाला. काच दुसऱ्याच दिव्याची आहे म्हणे, कुणीतरी फसवायला जोडलीय. बरं झालं भले लोक असतात."

"हो," विल्फ म्हणाला. "बरं झालं."

ती गेल्यावर तो मागच्या मोरीशी गेला आणि नळाखाली डोकं धरलं. रागाने नव्हे. राग अजून आला नव्हता. आपण लग्नाच्या दिवसापासूनचा एकेक नाताळ मोजून परत करावा, असं काहीतरी विचित्र त्याच्या डोक्यात चाललं होतं.

दुपारी लिलाव संपला आणि नेहमीप्रमाणे तो विकलेलं सामान अंगणातल्या गाड्यांमध्ये ठेवू लागला. क्लेमची व्हॅन दाराशीच होती. क्लेमने आज फारसं काही घेतलं नव्हतं. एक खुर्ची आणि एक लाकडी खोकं, दारांच्या मुठी, बिजागऱ्या, मोडके चमचे असलं भंगार भरलेलं. असलं खोकं क्लेम कधी घेत नसे. विल्फने ते उचललं, व्हॅनच्या पायरीवर ठेवलं आणि मुठी बाजूला सारल्या.

तळाशी एक रुमाल होता. रुमालात कॉलर होती.

ही युक्तीसुद्धा त्याला ठाऊक होती. माल बघण्याच्या दिवशी वस्तूचा एक तुकडा काढायचा, दुसऱ्या फालतू खोक्यात दडवायचा, वस्तूचा भाव पाडायचा आणि खोकंही आपणच घ्यायचं. रुमाल इस्त्री केलेला होता.

"विल्फ." क्लेम मागे उभा होता.

विल्फने कॉलर तळहातावर धरली. "पोरांनी नेली ना?"

क्लेमने आजूबाजूला पाहिलं. "हे बघ, तू आधी शांत हो."

"मी शांतच आहे."

"नियम आहे, विल्फ. वस्तू कुणाचीही असो, सगळ्यांना तोच नियम. मी तुझ्यासाठी हात वर केला असता तर उद्यापासून मला कुणी उभं केलं नसतं. या वयात मी एकटा काय धंदा करू? सांग ना."

"मला आदल्या दिवशी सांगायचंस. काढून घेतला असता."

"आणि त्यांना काय तोंड दाखवलं असतं?"

"मला दाखवतोयस ते," विल्फ म्हणाला.

क्लेम चिडला. चूक पकडली गेली की माणसं चिडतात तसा. "फार साळसूद बनू नकोस. पोस्टमास्तरच्या बायकोचं उभं घड्याळ गेलं तेव्हा शेजारी कोण उभं होतं? त्या म्हाताऱ्या बहिणींच्या चांदीच्या वेळी? तेव्हा बोललास का? आमच्याबरोबर पेस्ट्री खाल्लीस आणि मिशी पुसलीस."

क्लेम खोटं बोलत असता तर सोपं गेलं असतं. पोस्टमास्तरच्या बायकोचा चेहरा विल्फला स्पष्ट आठवला. तिने जाताना त्याचे आभार मानले होते, घड्याळ नीट सांभाळल्याबद्दल.

"ते खरं आहे," तो सावकाश म्हणाला. "पण रिंग सगळ्यांची होती. ही कॉलर तू काढलीस. तुझ्या हाताने. मेव्हिस घरी यायला निघालीय, हे माहीत असून."

क्लेमने खिशातून नोटा काढल्या आणि विल्फच्या एप्रनच्या खिशात कोंबल्या. "हा तुझा वाटा, आगाऊच देतोय. मीच भांडलो त्यांच्याशी. म्हटलं विल्फला पण एक वाटा द्यायचा, बरोबरीचा. तो आपल्यातलाच आहे."

हे मात्र विल्फला सोसलं नाही. त्याने नोटा काढल्या, न बघता खोक्यात मुठींवर ठेवल्या, आणि खोकं व्हॅनमध्ये आत ढकललं.

मग तो शेडमध्ये जाऊन दिवा घेऊन आला. बार्टलेटच्या नावावर गेलेला असला तरी तो क्लेमच्या व्हॅनमधूनच फ्लीसला जाणार, हे सांगायला नको होतं. त्याने दिवा पायरीवर उभा केला, देठावर कॉलर चढवली, एकेक पाकळी सरळ बसते की नाही ते बोटाने पाहिलं, आणि काच लटकवली. ती सावकाश झुलून थांबली. क्लेम काहीतरी म्हणाला, ते विल्फने ऐकलं नाही. त्याने दिवा घोंगडीत गुंडाळला, खुर्चीच्या गादीला टेकवून घट्ट बसवला आणि व्हॅनचं दार लावलं.

"सांभाळून चालव," तो म्हणाला. "आत काच आहे."

असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचा. क्लेमला आजवर कधी म्हणाला नव्हता.

शेड झाडून, कुलूप लावून तो टेकडीवर पोचला तेव्हा भेटायची वेळ संपत आली होती. रस्ताभर त्याने मेव्हिसला काय सांगायचं ते जुळवलं होतं. अमेरिकनांनी खरेदी थांबवलीय, बाजार पडलाय, कॉलर नव्हती. क्लेमचं नाव घ्यायचं नाही. दिवा गेला तो गेला, निदान तिच्याकडे एक मित्र तरी राहू दे.

मेव्हिस खुर्चीत बसली होती. काठी पलंगाखाली सरकवलेली होती.

"क्लेम येऊन गेला," ती म्हणाली.

विल्फ दारातच उभा राहिला. "कधी?"

"मघाशीच. द्राक्षं घेऊन आला होता. म्हणाला, बाजार पडलाय, मेव्हिस. कॉलर हरवली, मेव्हिस. विल्फची काही चूक नाही, त्याला बोलू नकोस. मग म्हणाला, इथे किती छान आहे, खिडकीतून बाग दिसते, घरी काय ठेवलंय त्या जिन्यात." तिचं तोंड झटक्यापासून एका बाजूला ओढलेलं होतं, त्यामुळे ती हसतेय की काय ते चटकन कळत नसे. "मी त्याला एकच विचारलं. तू बोली लावलीस का, क्लेम?"

"मग?"

"मग त्याला बाग फारच आवडली. बघतच बसला. जाताना टोपी विसरून गेला."

विल्फने जुळवलेलं सगळं उगाच गेलं होतं.

"द्राक्षं मी सिस्टरला देऊन टाकली," मेव्हिस म्हणाली. "आणि ऐक. गॅफ्नीला आजच फोन कर. नाहीतर सोमवारी दारात विटा आणून टाकेल आणि परत न्यायचे पैसे मागेल. तसलाच आहे तो."

"मी काहीतरी दुसरं बघतो. घर विकू, भाड्याने खालची जागा..."

"बघ. पण आज फोन कर."

तिने हे अगदी साध्या आवाजात म्हटलं. काल ही बाई खिडकीपर्यंत चालत गेली होती. ती काठी तिने स्वतः पलंगाखाली सरकवली होती की सिस्टरने, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

"माणूस असा कसा वागतो गं?" तो म्हणाला. "लग्नात रडला होता तो."

"रडला होता ते खरंच होतं," मेव्हिस म्हणाली. "तेच तर वाईट आहे. ये, इथे बस. पाहुण्यांच्या खुर्चीत नको, इथे."

तो तिच्याजवळ पलंगाच्या कडेवर बसला. बसताना त्याने हात मांडीवर टेकवले आणि नकळत कण्हला.

"खांदे का?"

"खांदे, दंड, सगळंच."

"तूच दाखवलास दिवा?"

"माझंच काम ते."

"दोन्ही हातांनी?"

"काच वेगळी होती ना. एका हातात काच, एका हातात देठ."

"किती वेळ?"

"हातोडा पडेपर्यंत."

"अरे वेड्या, खाली ठेवायचास. ठेवायचास आणि ओरडायचास, माझ्या बायकोचा आहे, विकायचा नाही म्हणून. कोण काय करणार होतं तुला?"

विचार करूनही विल्फला दुसरं काही सापडलं नाही.

"तसं करत नाहीत, मेव्हिस."

मग तिने आपल्या चालत्या हाताने त्याचा एक दंड स्वतःकडे ओढला, अंगठा रोवून कोपरापासून खांद्यापर्यंत दाबायला लागली, आणि तो झाल्यावर दुसरा. भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली. सिस्टर दाराशी आली, थोडा वेळ थांबली, आणि दार लोटून घेऊन पुढच्या खोलीकडे गेली.